जिद्द आणि भाकरी



"जिद्द असली की गरिबी आड येत नाही," असे आपण मुलांना सहज सांगतो. बक्षीस समारंभात तर हे वाक्य हमखास ऐकू येते. पण ते खरे आहे का?

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांचेच पाहा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी स्वतः सांगितले, की एके काळी दिवसातून एकदाच जेवण मिळे. वडील फारसे कमवू शकत नसत, आई शिवणकाम करी, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाले. चांगला आहार मिळे तो सराव शिबिरात.

म्हणजे गरिबी आड आलीच होती! तेराव्या वर्षी नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने त्यांना मैदानावर नेले. पुढे २०१६ मध्ये पैशांच्या ओढाताणीने खचून त्यांनी खेळ सोडायचे ठरवले, खोलीत कोंडून घेतले. आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना हे सांगितले. त्यांनी समजूत घालून त्यांना परत आणले. ही माणसे नसती तर जिद्द तेवढीच राहिली असती, पदक मात्र नाही.

खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. कुस्तीतले ते कांस्यपदक सर्वांना ठाऊक आहे; गहाण पडलेले घर किती जणांना?

जिद्दीचे मोल कमी नाही. शिबिरात जेवणाऱ्या साऱ्याच मुली कर्णधार होत नाहीत. पण खो-खोमध्येसुद्धा पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. बसलेल्या आठांपैकी कोणाला तरी खो द्यावाच लागतो. आणि हा खेळ तसा स्वस्त. दोन खांब व मोकळे मैदान पुरते. घोडेस्वारी शिकायची तर तबेल्याचा आणि चंदीचा खर्च गरिबाच्या पोराने कुठून आणावा?

त्या वाक्याची खरी झळ पोहोचते ती मागे राहिलेल्यांना. आपल्या सोलापुरात विडी वळणाऱ्या आईची मुलगी चांगली पळते, पण शाळा सुटली की तिला पाने कापायला घरी जावे लागते. चार महिन्यांनी ती सरावाला येईनाशी होते. मग आपण म्हणतो, "तिच्यात जिद्दच नव्हती." सकाळी ती काय खाऊन आली होती, हे मात्र कोणी विचारलेले नसते.