अठ्ठेचाळीस तासांचं मौन

अष्टमी-चतुर्दशीला मौन धरणारं एखादं माणूस आम्हा जैनांच्या बहुतेक घरांत असतं. ते मौन आपणहून घेतलेलं. निवडणुकीतलं मौन कायद्यानं घातलेलं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ सांगतं, मतदान संपायच्या वेळेआधी ४८ तास सभा नाही, मिरवणूक नाही, टीव्ही-सिनेमावर प्रचार नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मतदाराला शेवटी थोडं स्वतःच्या मनाशी बोलू द्यावं, एवढाच हेतू.

पण हे मौन गळतं. २०२४ च्या लोकसभेला बंगळूरसह कर्नाटकातल्या १४ जागांचं मतदान २६ एप्रिलला झालं, आमच्या बेळगावचं ७ मेला. तिकडं गप्प बसायची वेळ, तेव्हा इकडं प्रचार रंगात. आणि कन्नड वाहिन्या दोन्हीकडं त्याच! वर्तमानपत्रं तर या कलमात येतच नाहीत. मतदानाच्या आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिराती समितीकडून तपासून घ्या, अशी अट निवडणूक आयोगानं घातली ती यामुळंच. शेवटच्या सकाळी कुणी खोटं छापलं, तर ज्याच्याविषयी छापलं त्यानं उत्तर द्यायचं कधी? छापील प्रचारही कलमाखाली आणा, असं कायदा आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात सुचवलं.

कुणी म्हणेल, खरं बोलणाऱ्याचं तोंड दोन दिवस तरी का बांधायचं? प्रश्न खोटा नाही. पण पानभर जाहिरातीचे पैसे असलेला बोलतो आणि नसलेला गप्प बसतो, याला मौन कसं म्हणायचं? बंधन सगळ्यांवर सारखं पडलं तरच ते न्यायाचं.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणं. कलम १२७-क सुद्धा त्याच वाटेनं जातं: प्रचाराच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. लिहिलंस ना, मग नाव सांग. मोबाईलवर फिरत येणाऱ्या मजकुराला मात्र ना मुद्रक, ना प्रकाशक. तो येतो आपल्याच मावशीकडून, शेजारच्या अण्णांकडून, म्हणून खरा वाटतो.

आपल्याकडं पाप तीन परींनी लागतं: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि कुणी केलेल्याला बरं म्हटलेलं. निवडणुकीचा खर्च मोजताना कायदा पहिली दोन बघतो. उमेदवारानं केलेला खर्च आणि त्याच्या संमतीनं झालेला. तिसरं त्याच्या हाती सापडत नाही. “कार्यकर्त्यांनी उत्साहात केलं, मला काय ठाऊक,” असं म्हणून उमेदवार मोकळा होतो, आणि “मी काय लिहिलंय? आलं ते पुढं पाठवलं,” म्हणून आपणही.

पुढं पाठवणं ही अनुमोदनाच. त्यावर पहारा ठेवायला घराघरात अधिकारी बसवावा, असं मी म्हणणार नाही. त्यातून वेगळीच हिंसा सुरू होईल. ते काम आपलं आपणच करायचं. उमेदवाराला ४८ तास गप्प राहा म्हणणाऱ्या मतदारानं, ज्याचा कर्ता माहीत नाही असा मजकूर निदान तेवढे दोन दिवस तरी आपल्या हातून पुढं जाऊ देऊ नये. उपासाला पाणीसुद्धा गाळून पितो आपण.