काम काय करता?

नागपूरच्या महाल भागातल्या गांधी गेटातून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजातून, बाहेर पडले की जवळच जुम्मा तलाव लागतो, आताचा गांधीसागर. या तलावाजवळच्या दलदलीच्या जमिनीवर जमशेदजी टाटांनी कापडगिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. आज तिथे मॉल उभा आहे. पण माणसाचे काम आणि त्याचे आरोग्य यांचे नाते आपल्याला कसकसे उमगत गेले, हे पाहायचे तर याच जागेपासून निघावे लागते.

नागपूरचा कोष्टी घरच्या मागावर बसे. घरातली सारी माणसे हाताशी असत आणि कामाचा वेग त्याच्या स्वतःच्या हातात असे. गिरणीने हा वेग भोंग्याच्या आणि यंत्राच्या ताब्यात दिला. सुरुवातीच्या काळात कामगार मोठ्या संख्येने गैरहजर राहत. त्यांनी टिकावे म्हणून जमशेदजी आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी काही सोयी सुरू केल्या. खेळत्या हवेकडे लक्ष दिले, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात केली. कायदा तेव्हा फार मागे होता. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली; त्याची झेप मुख्यतः मुलांपुरतीच होती. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले.

तरीही या पहिल्या टप्प्यातला विचार एका चौकटीतच राहिला. पट्ट्यात हात सापडला तर पैसे मिळत. इजा डोळ्यांना दिसली पाहिजे, तिची तारीख सांगता आली पाहिजे, तरच ती इजा.

कापसाच्या धुळीला अशी तारीख नसते. पिंजणखात्यात उडणारे तंतू वर्षानुवर्षे छातीत जातात. त्यातून होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि त्याची खूण विलक्षण आहे. आठवडी सुट्टीनंतर कामावर परतले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत जरा मोकळी होते. काही वर्षांनी हा त्रास रोजचाच होतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. कामगाराची छाती नुसती तपासून भागत नाही, ती कोणत्या वारी भरते हेही विचारावे लागते, हे त्यातून सिद्ध झाले. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवले होते की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुम्ही काम काय करता?' हेही विचारावे.

पण कामगार म्हणजे फक्त पुरुष नव्हता. गिरणीत बाया होत्या, विडीच्या कारखान्यांत होत्या, नगरपालिकेच्या झाडूकामावरही होत्या. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न मानला. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये हा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताने, म्हणजे ज्या प्रांतात नागपूर होते त्यानेही तो केला.

पुढचे पाऊल नागपुरातच पडले. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार स्त्रियांसाठी परिषदेने मागण्या केल्या: वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, एक महिन्याची पगारी हक्काची रजा, इजा झाल्यास पुरेशी भरपाई आणि २० वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन. हा ठराव नीट वाचला पाहिजे. त्यात रोजच्या थकव्याचा विचार आहे, अपघाताचा आहे आणि म्हातारपणाचाही आहे. आयुष्याच्या टप्प्यांवरचे संशोधन अजून जन्माला यायचे होते, तेव्हा कामकरी बायांनी स्वतःच्या अनुभवावरून कामाच्या परिणामांचा अख्खा पट मांडून ठेवला. या इतिहासातला सर्वांत मोठा विचार त्यांचा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ही योजना नागपुरात आली. औषधपाणी, आजारपणातली भरपाई, प्रसूती हे सारे एका वर्गणीत बसले. पण आजार झाल्यावर उपचार, हाच तिचा मुख्य रोख राहिला.

आजार होऊच नये यासाठी काय करावे, हे सांगणारा पुरावा हळूहळू जमत गेला. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता, जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना कमी. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. ज्या बायांच्या वाट्याला शेतातली आणि घरातली कष्टाची कामे अधिक होती, त्यांची बाळे आणखी लहान होती. या खेड्यांतली बाळे दिसायला बारीक, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त, आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढवणारी हीच ठेवण. आईच्या डोक्यावरचा हंडा मुलाच्या मध्यमवयातल्या आजाराशी असा जोडलेला असू शकतो.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला खाणकामगार आहेत. सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षे धूळ खाल्ल्यावर दिसतो. कित्येकदा माणसाने खाण सोडल्यावर, हजेरीपटावरून नाव गेल्यावर. खाणकामगारांच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था अनेक वर्षे नागपुरात होती. २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली.

आज महालात भोंगा नाही. बडकस चौकाच्या आसपास हातगाडीवाले आहेत, हमाल आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हाही त्यांचा दिवस उन्हातच जातो. नागपूरने २०१६ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, ही मोलाची गोष्ट. मात्र विमा, रजा, भरपाई आणि वार्षिक तपासणी या सोयी मालक आणि नोकर हे नाते मानून रचल्या आहेत. ज्याचा मालकच ठरत नाही, त्याच्यापर्यंत त्या सहसा पोहोचत नाहीत.

म्हणून एक साधी सुरुवात सुचवावीशी वाटते. महालातल्या प्रत्येक दवाखान्यात केस पेपरवर नाव आणि वय यांच्या शेजारी काम कोणते, किती वर्षांपासून, उन्हात की धुळीत, आणि बाई गर्भार असेल तर ओझे किती उचलते, हे लिहिले जावे. शाळा सोडून चहाच्या टपरीवर लागलेल्या पोरालाही ते विचारावे आणि काम सुटलेल्या म्हाताऱ्यालाही. वर्षभरात या नोंदींमधून वस्तीचे खरे चित्र उभे राहील. त्यावरून सावली, पाणी, विश्रांतीची वेळ आणि तपासणी कुठे हवी ते ठरवता येईल. १९४२ च्या त्या ठरावातल्या चारही मागण्या महालातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी आजही तशाच शिल्लक आहेत.