सावली कोणाच्या वाट्याला?

‘समतोल’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे तराजू उभा राहतो. शब्दातच ‘तोल’ असल्याने त्याला इलाज नाही. दोन पारडी, मध्ये काटा, आणि काटा स्थिरावला की न्याय झाला. राज्य शासनाच्या महसूल खात्यात उभी हयात आम्ही याच समजुतीने वागलो. सेवानिवृत्तीनंतर प्राचीन चिनी विचाराचे थोडेफार वाचन घडले, तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला.

यिन आणि यांग या शब्दांचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. डोंगराचा दक्षिण उतार यांग, उत्तर उतार यिन. नदीच्या बाबतीत मात्र हे उलटे होते. उत्तर काठाची जमीन दक्षिणेकडे उतरत येते, तिला ऊन लागते, म्हणून तो काठ यांग. ल्वो नदीच्या उत्तरेस वसलेल्या प्राचीन राजधानीला ल्वोयांग हे नाव याच रीतीने मिळाले. म्हणजे उत्तर दिशा मुळात यिनही नाही आणि यांगही नाही. डोंगराशी तिचे नाते एक, नदीशी दुसरे. शिवाय कोणतीच स्थिती कायमची नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला रात्र सर्वांत मोठी होते, तेव्हा यिन कळसाला पोचते. आणि तेथूनच यांगची वाढ सुरू होते, असे चिनी लोक मानत आले आहेत. तराजूचा समतोल काटा थांबण्यात असतो. यिन-यांगचा समतोल फेरा न थांबण्यात असतो.

ताओ मताचा आद्य पुरुष लाओ त्से हा चौ राजांच्या दप्तरखान्यात अधिकारी होता, अशी आख्यायिका आहे. दप्तर सोडून तो पश्चिमेकडे निघाला असता नाक्यावरच्या अधिकाऱ्याने आग्रह केला, म्हणून त्याने आपले विचार लिहून दिले. तोच ८१ लहान प्रकरणांचा ‘ताओ ते चिंग’. आम्हां दप्तरी माणसांना ही कथा जवळची वाटावी, यात नवल नाही. या ग्रंथात पाण्याची, दरीची, चाकाच्या तुंब्यातील पोकळीची थोरवी गायिली आहे. जे नमते घेते, मागे राहते, तेच टिकते आणि उपयोगी पडते, असा त्याचा आशय.

पण येथेच फसगत संभवते. नमते कोणी घ्यायचे? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात डोंग चुंगशू या पंडिताने राजा, पिता आणि पती यांना यांग ठरवले. प्रजा, पुत्र आणि पत्नी यांना यिन. आणि वर यांगला श्रेष्ठत्व दिले. ऊन-सावलीच्या निसर्गनियमाचा असा हुकूमनामा झाला. लाओ त्सेचा रोख वेगळा होता. खाली राहण्याचा उपदेश तो पुनःपुन्हा राज्यकर्त्याला करतो. ज्याच्या हाती बळ आहे त्याने नमते घेणे हा विवेक. दुबळ्याला नमते घ्यायला लावणे ही केवळ सोय.

ही सोय आम्हीही भोगली आहे. निवृत्तीनंतर पहिली काही महिने आरामखुर्चीत बसून आम्ही पत्नीला ताओचा स्वीकारभाव समजावीत असू. एके दिवशी कणीक मळता मळता ती म्हणाली, “अहो, तुम्ही फायली बंद करून घरी आलात. माझ्या ओट्याची फाईल कधी बंद व्हायची? डोंगर एकच म्हणता, मग सावली नेहमी तुमच्याच अंगणात कशी?”

उत्तर सुचेना. तेव्हा आम्ही आमच्या सवयीचे तेच केले : कामांची यादी केली. नळाचे पाणी आणि सकाळचा चहा आमच्याकडे, भाजी-पोळी तिच्याकडे, निम्मे-निम्मे. काटा मध्यावर आला. पंधरा दिवसांनी तिचे गुडघे ठणकू लागले. त्या सकाळी भाजी चिरण्याची पाळी यादीप्रमाणे तिचीच होती. आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, यादीवर बोट ठेवले. ती काही बोलली नाही. विळी ओढून बसली. त्या न बोलण्याने आम्हांस जे शिकवले ते ८१ प्रकरणांनी शिकवले नव्हते. दुपारी ती यादी आम्ही फाडली.

आता निम्म्याचा हिशेब नाही. आज ऊन कोणाला सोसवेल, एवढेच पाहतो. कधी आमचा रक्तदाब वाढतो, तेव्हा ती पुढे होते. कधी तिला भजनी मंडळाच्या तालमीला जायचे असते, तेव्हा आम्ही खिचडी टाकतो. ती क्वचित करपते. पाहण्यात अजूनही चूक होते, आणि ती आमच्याकडूनच अधिक होते.

‘अमृतानुभवा’च्या आरंभी ज्ञानेश्वरांनी शिव-शक्तींना वंदन केले आहे ते एकमेकांवाचून न राहणारे जोडपे म्हणून, तेथे थोरला-धाकटा असा भेद नाही. ही शिकवण आपल्या घरात होतीच. ती कळायला आम्हांला चीनचा फेरा पडला.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरात सारे शांत दिसले की समतोल साधला, असे समजू नये. ती शांतता कोणा एकाच्याच सोसण्यावर तर उभी नाही ना, हे विचारावे. आणि ज्याच्या वाट्याला आज सावली आहे, त्याने ते आधी विचारावे.