नागासाकीचे सव्वीस जण

६ फेब्रुवारीला रोमच्या दिनदर्शिकेत ‘पॉल मिकी आणि सोबती’ एवढीच नोंद असते. वसईत मात्र त्यातले एकच नाव पुढे येते, गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज बाप, स्थानिक आई, जन्म वसईचा. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, पुढे व्यापारात पडला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि जपानी बोलता येत असल्यामुळे दुभाषा म्हणून पुन्हा जपानात पोचला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवले. ६ फ्रान्सिस्कन, ३ जेझुइट आणि १७ जपानी प्रापंचिक. त्यांतला लुई इबाराकी अवघा १२ वर्षांचा. सण ६ तारखेला, कारण ५ तारीख सिसिलीच्या संत अगाथाने कित्येक शतकांपासून अडवून ठेवलेली!

असा दिवस ठरवायला सुरुवातीला रोमला कोणी विचारत नसे. दुसऱ्या शतकात स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प मारले गेले. तिथल्या मंडळींनी अस्थी वेचल्या आणि दरवर्षी त्या दिवशी जमायचे ठरवले. मृत्यूचा दिवस हाच त्यांच्या लेखी खरा जन्मदिवस होता. इसवी सन ३५४ च्या रोमन यादीतही तारीख, नाव आणि दफनभूमी एवढेच लिहिलेले आढळते. सणाचा आधार थडगे होते, कागद नव्हे.

पुढे रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला आणि प्रश्न उभा राहिला: कोणी मारलेच नाही, तर संत कोण? तूरचे बिशप मार्टिन ३९७ मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेले, तरी लोकांनी त्यांना संत मानले. दार उघडले तशी गर्दी झाली, मग दारावर पहारा आला. ९९३ मध्ये ऑग्सबर्गच्या उलरिखना पोपने औपचारिकपणे संत ठरवले. १६३४ मध्ये आठव्या अर्बन पोपने नियम आवळले. याच अर्बननी १६२७ मध्ये नागासाकीच्या हुतात्म्यांना ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) घोषित केले होते. संतपद मिळायला मात्र १८६२ उजाडले. जपानात तेव्हाही ख्रिस्ती धर्मावर बंदीच होती. तीनच वर्षांनी नागासाकीत याच २६ जणांच्या नावाने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये काही खेडूत आले आणि आपण ख्रिस्ती असल्याचे हळूच सांगून गेले. अडीचशे वर्षे त्यांनी धर्म लपवून जपला होता. रोमच्या संमतीवाचूनही तिथे बरेच काही टिकले होते, हे नोंदवायलाच हवे.

अलीकडे हुतात्म्याची व्याख्या सैल झाली, असे काहींना वाटते. जपानी सरदार ताकायामा उकोन यांच्यावर कोणी तलवार चालवली नाही. श्रद्धा सोडली नाही म्हणून त्यांना देशाबाहेर काढले आणि १६१५ मध्ये मनिलात ते तापाने गेले. २०१७ मध्ये ओसाकात त्यांना हुतात्मा म्हणूनच धन्य घोषित करण्यात आले. पण यात नवे फारसे नाही. ३५४ च्या त्या यादीत पोप पोंतियन यांचे नाव आहेच, आणि ते सार्डिनियात हद्दपारीत वारले होते.