एकट्याचे अटन

मराठी धर्मविचारात पायी चालण्याचा विषय निघाला की आषाढी वारी प्रथम आठवते; परंतु वारी हा समूहाचा धर्म असून दिंडीत वारकऱ्याची जागा, त्याचा फड आणि मुक्कामाचे गाव हे सारे परंपरेने आधीच ठरलेले असते. याच भूमीत तेराव्या शतकात चालण्याचा एक निराळा विचार रुजला, ज्यात ओळखीची सोबत आणि ठरलेला मुक्काम ही दोन्ही बंधनेच मानली गेली. तो विचार महानुभाव पंथाचा होय, आणि त्याच्या प्रारंभीच्या इतिहासात भंडाऱ्याचे नाव येते.

म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केलेल्या लीळाचरित्राचा पहिला भाग ‘एकांक’ या नावाने ओळखला जातो. स्वामी एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा, म्हणजे प्रसंग, त्यात आहेत. सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी बारा वर्षे काढली असे परंपरा सांगते. पुढे भंडाऱ्यास त्यांना निळभट्ट भेटले, आणि ते घरदार सोडून स्वामींच्या मागे निघाले. पंथात त्यांना भांडारेकार म्हणतात. एकटेपणाच्या काळातच एक सोबती यावा, यात वरवर पाहता विसंगती दिसते. परंतु ‘एकटे’ या शब्दाचा पंथीय अर्थ आसपास माणूस नसणे असा नसून आपले म्हणावे असे कोणी नसणे असा घेतला, तर ती विसंगती उरत नाही.

स्वामी दृष्टीआड झाल्यावरच्या काळाला पंथात असन्निधान म्हणतात, आणि त्या काळात साधकाने स्वदेश, स्वग्राम व नातलग यांचा संबंध तोडून अटन करावे, म्हणजे एका जागी न रमता हिंडत राहावे, असा आचार सांगितला आहे. साधकाच्या दिवसाची घडण साधी आहे. सकाळी विजनात, म्हणजे निर्जन स्थळी, बसून परमेश्वराचे स्मरण करायचे. पुढे गावात जाऊन दारोदार भिक्षा मागायची. अनेक घरचे अन्न एकाच झोळीत मिसळल्याने वेगळी चव उरत नाही, आणि असे अन्न पाण्याकाठी बसून खायचे. रात्री एखाद्या देवळाचा आसरा घ्यायचा, आणि ती जागा आवडू लागण्यापूर्वी तिथून उठायचे. वैनगंगेच्या खोऱ्यातील साग, ऐन, तेंदू आणि मोह यांच्या रानातून चैत्रात असा दिवस काढणाऱ्याच्या पायाखाली सागाची वाळली पाने प्रत्येक पावलाला इतकी वाजतात की मनाला स्मरणावर ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते. सावली तुटक, पाणी लांब, आणि दुपारच्या आत गाव गाठले नाही तर उपास अटळ.

आजचा एकटा पदभ्रमंतीकार या साधकाचा वारसदार आहे, असे सहज म्हटले जाते; ते मान्य करण्याजोगे नाही. अमेरिकेतील सुमारे 3,500 किलोमीटरच्या ॲपलेशियन वाटेवर चालणारा प्रवासी तंबू, चूल, शिधा आणि पांघरूण पाठीवर घेतो, ते वाटेत कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. त्याची पाठपिशवी म्हणजे चालते बिऱ्हाडच असते. महानुभाव साधकाची झोळी सकाळी रिकामी असते आणि ती रिकामी असावी अशीच अपेक्षा असते, कारण स्वावलंबनातून ‘मी’ बळावतो आणि मागण्यातून तो झिजतो, असे हा आचार गृहीत धरतो. एकाला कोणाचीच गरज नको असते. दुसऱ्याला कोणाचीही गरज पडते, पण कोणा एकाची नाही. दोघेही एकटेच चालतात, तरी या दोन अवस्था परस्परविरुद्ध आहेत.

दुसरा भेद तत्त्वज्ञानाचा आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांपासून भिन्न आहेत, असे महानुभाव दर्शन मानते. प्रपंच म्हणजे दिसणारे जड जग, आणि अरण्यही त्यातच मोडते. त्यामुळे रानात ईश्वर भरून राहिला आहे, वृक्षांच्या सान्निध्यात तो भेटतो, ही आधुनिक निसर्गभावना येथे बसत नाही. रान उपयोगी आहे ते तेथे ओळखी नसतात म्हणून. मात्र याचा अर्थ रानातील जीवांविषयी उदासीनता असा नव्हे: शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या आश्रयाला येतो आणि ते त्याला पारध्यांच्या हाती देत नाहीत, ही लीळा सर्वपरिचित आहे. सशाचे रक्षण होते ते तो जीव आहे आणि शरण आला आहे म्हणून. अरण्य पवित्र आहे म्हणून नव्हे. याच परिसरातील गोंडांच्या दृष्टीने मात्र रान देवांनी गजबजलेले असल्याने तेथे कोणी एकटा असतो हा विचारच फोल ठरेल.

भंडारा जिल्ह्यात एकट्या चालणाऱ्याची परंपरा महानुभावांच्याही आधीची आहे. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उघडा पडला. सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्त भिक्षूला एकट्याने हिंडण्याचा उपदेश करते. पवनीच्या शिळांवर मात्र ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. एकट्याचा मार्ग दात्यांच्या वस्तीला धरूनच जात होता, याचा यापेक्षा उघड पुरावा सापडणे कठीण.

अटनाचा विचार येथेच अडचणीत येतो. संबंध तोडण्याचा आचार, घरे बांधून राहणारे आणि चुली पेटत्या ठेवणारे लोक गृहीत धरतो; सगळेच अटनाला निघाले तर भिक्षा कोण घालणार, या आक्षेपाला अधिकारभेदाचे, म्हणजे ज्याची त्याची पात्रता वेगळी असल्याचे, उत्तर मिळते, पण त्याने शंकेचे पुरते समाधान होत नाही. महदाइसेसारख्या स्त्रियाही पंथात होत्या, त्यामुळे हा मार्ग केवळ पुरुषांनी स्वतःसाठी राखला होता असे म्हणता येत नाही; तरीही झोळीत पडणारे अन्न बहुधा ज्या स्त्रीने शिजवले, तिला विजन कधी लाभणार, याचा विचार या आचारात फारसा आढळत नाही. आज कोका अभयारण्यालगतच्या गावांतून पहाटे मोहफुले वेचायला निघणारी बाई झाडाखाली तासन्‌तास एकटीच असते, वाघाच्या भीतीने कानोसा घेत असते, आणि टोपली भरली की घरी परतते. तिच्या एकांताला साधनेचे नाव द्यायचे झाल्यास, सोडून जाण्याजोगे घर ज्याच्यापाशी आहे आणि ते सोडण्याची मुभाही आहे, अशा माणसासाठी रचलेला हा आचारधर्म मुळापासून पुन्हा मांडावा लागेल.