पंगत उठल्यावर चार आठवड्यांनी

लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात २० फेब्रुवारी २०२४ ला एकादशी होती. हरिनाम सप्ताह सुरू होता आणि फराळाला भगर-आमटी होती. काही तासांतच एकेका घरातून उलट्या, जुलाब, पोटदुखीच्या तक्रारी येऊ लागल्या आणि बाधितांचा आकडा शेकड्यांत गेला. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. बाहेर झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ते फोटो देशभर पाहिले गेले. बहुतेक जण लवकर बरे होऊन घरी परतले. पण बाधा कशातून झाली असावी, हे रात्र सरण्याआधीच साऱ्या गावाला कळून चुकले होते.

अन्नातली विषबाधा अशी तोंडावर बोलते. हिपॅटायटिस ए बोलत नाही. त्याचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते सात आठवडे जातात, सरासरी चार. तोवर सप्ताहाचा मंडप उतरलेला असतो आणि भांडी परत गेलेली असतात. आचारी दुसऱ्या गावच्या लग्नात असतो. कावीळ नेमकी कुठल्या घोटातून आली, हे घरच्यांना सांगता येत नाही. डॉक्टरांनाही बहुतेक वेळा येत नाही.

विषाणूचा प्रवास सांगायला ओशाळवाणा आहे, पण सांगितल्याशिवाय भागत नाही. तो बाधिताच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडातून आत जातो. मधले वाहन कधी पाणी असते, कधी बर्फ, कधी चिरलेली काकडी, कधी नीट न धुतलेला हात. विष्ठेतून तो सर्वाधिक बाहेर पडतो ते कावीळ दिसण्याच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांत, म्हणजे माणूस हिंडता-फिरता असतानाच. सहा वर्षांखालच्या बाधित मुलांपैकी बहुतेकांना तर कावीळ होतच नाही. अंगणवाडीतले खेळते मूल कसलीही तक्रार न करता घरात रोग आणू शकते. त्या मुलाला किंवा पंगतीत हसतमुखाने भात वाढणाऱ्या वाढप्याला दोषी म्हणायचे कसे?

इथेच नेहमीची नीती तोकडी पडते. गावातला न्याय दोषावर चालतो. कोणी चूक केली, कोणाला जाब विचारायचा, कोणाकडून भरपाई घ्यायची, हे ठरले की विषय मिटतो. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले गेले, दिल्लीहून तज्ज्ञांची पथके आली. टक्कल डोळ्यांना दिसते, म्हणून यंत्रणा हलली. चार घरांत महिनाभराच्या अंतराने आलेली कावीळ मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर घातली जाते. ज्या हानीला आरोपी मिळत नाही, तिची जबाबदारी कोणीतरी आधीच घेऊन ठेवावी लागते.

ती घेणारा माणूस गावात असतो. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो जलसुरक्षक. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हे त्याचे गणित. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास थांबायचे. मग नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, तसेच राहिले तर नाही. टीसीएलचे पोते उघडे किंवा ओलीत पडले, तर त्यातला क्लोरीन उडत जातो आणि शेवटी उरतो नुसता चुना. तो टाकल्याचीही वहीत नोंद होते. वर्षातून दोनदा गावच्या पाणीस्रोतांची पाहणी होऊन लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाकडे कुठल्या रंगाचे आहे, हे किती जणांना सांगता येईल?

क्लोरीनवरच सारे सोडूनही चालत नाही. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदलले आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणीउपशापर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी धोका ओळखून क्लोरीन वाढवले. कॉलरा-विषमज्वराची साथ आली नाही, काविळीची मात्र आली, आणि जवळपास २९ हजार लोक पिवळे पडले. साठवलेले रक्तनमुने पुढे अनेक वर्षांनी तपासले, तेव्हा तो विषाणू ए नसून ई असल्याचे कळले. वाट दोघांची एकच. फक्त ई हा गरोदर बायांच्या जिवावर उठतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत हजारोंना झाली ती कावीळही ई चीच होती. खारपाणपट्ट्यातल्या ज्या गावांत नळ रोज येत नाही, तिथे रिकाम्या पाइपात नालीचे पाणी गळतीतून ओढले जाते. म्हणून पाणी उकळणे, आणि संडासाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी व बाळाचे कपडे बदलल्यावर साबणाने हात धुणे, याला पर्याय नाही.

एवढे करूनही कावीळ झालीच, तर पहिली धाव झाडपाल्याकडे जाते. कोणी गळ्यात माळ घालतो, ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात. कोणी हाताला चुना लावून पाण्यात धुतो, पाणी पिवळे झाले की रोग निघाला म्हणतात. कोणी नाकात रस पिळतो. औषध देणारा बहुधा पैसेही घेत नाही आणि त्याचा रुग्ण बराही होतो. कारण हिपॅटायटिस ए चे बहुतेक सारे रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि हा रोग जुनाट होत नाही. श्रेय फुकट मिळते. किंमत मोजतो तो क्वचित एखादा, ज्याचे यकृत खरोखर निकामी होऊ लागलेले असते आणि ज्याचे दिवस माळ लांबण्याची वाट पाहण्यात गेलेले असतात.

या विषाणूवर नेमके औषध डॉक्टरांकडेही नाही. विश्रांती, भरपूर पाणी, पचेल ते साधे जेवण, दारू पूर्ण बंद. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करण्याचे कारण नाही. तापासाठी मनाने गोळ्या घेऊ नयेत, पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण ती यकृतातूनच जाते. रक्ताच्या तपासणीतून ए की ई की बी हे कळते, आणि ते कळायलाच हवे. रुग्ण बरळू लागला, दिवसा झोपून राहू लागला, उलटी थांबेना किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

स्वच्छता वाढली की एक नवी अडचणही उभी राहते. पूर्वी हा संसर्ग बालपणीच, न कळता होऊन जाई आणि जन्मभराचे संरक्षण देई. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासांत सुस्थितीतल्या घरांमध्ये असे संरक्षण असणाऱ्यांचे प्रमाण घटत गेलेले दिसले. म्हणजे चिखलीचा किंवा खामगावचा, जपून वाढवलेला मुलगा पुण्याच्या मेसमध्ये विशीत पहिल्यांदा या विषाणूला भेटतो, आणि मोठेपणी आजार जास्त त्रास देतो. लस आहे, वयाच्या पहिल्या वर्षानंतर देता येते. हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने २०२४ मध्ये देशातच विकसित केलेली लसही बाजारात आणली. पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. ज्याच्या खिशाला परवडते तो घेतो.

सप्ताहाच्या बैठकीत कीर्तनकार, मंडप, वर्गणी, आचारी असे सारे वाटून दिले जाते. कावीळ झालेल्याने ती दिसल्यापासून निदान आठवडाभर स्वयंपाकाला आणि वाढायला येऊ नये, हे तिथे बोलले तर माणूस दुखावतो. पण आधीच सर्वांसाठी नियम म्हणून ठरले असेल, तर कोणालाच लागत नाही. कामवाटपाच्या यादीत आणखी दोन नावे लिहायला हवीत, एक टाकीसाठी आणि एक हात धुण्याच्या जागी साबण ठेवण्यासाठी. त्यांतल्या टाकीवाल्याला आचाऱ्याच्याही आधी हजर राहावे लागेल, कारण टीसीएल टाकल्यावर पहिला अर्धा तास ते पाणी कोणी घ्यायचे नसते.