वेदनेचा एकमेव साक्षीदार

खामगावच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार आणि भूलशास्त्रात आयुष्य वेचलेले डॉक्टर यांच्यात घडावा असा हा संवाद.

शिरस्तेदार : डॉक्टरसाहेब, चिखलीकडील कोणी वृद्ध शेतकरी कर्करोगाच्या वेदनेसाठी वर्षभर मॉर्फिन घेतो आहे, घसरून त्याचे खुब्याचे हाड मोडते आणि बुलढाण्यास त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, असे धरून चालू. दुसऱ्या दिवशी तो विव्हळत आणखी औषध मागू लागला, तर ती मागणी वेदनेची की सवयीची, याचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करणार?

डॉक्टर : रावसाहेब, या दाव्यात फिर्यादी आणि साक्षीदार एकच असतो, आणि त्याची जबानी अविश्वासाने घ्यायची तर तपासच खुंटतो. ज्या शरीराला मॉर्फिन अंगवळणी पडले आहे, त्याला नेहमीची मात्रा केवळ पूर्वस्थितीत ठेवते. नव्या जखमेच्या वाट्याला तीतून काहीच येत नाही. तीच भीतीपोटी तोडली, तर घाम, जुलाब आणि तळमळ यांची भर पडते. म्हणून ती चालू ठेवणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे.

शिरस्तेदार : मान्य. परंतु १९८५चा अमली पदार्थांचा कायदा निष्कारण झाला नाही. आणि वाढीव मात्रेने श्वास मंदावून तो पहाटे दगावला, तर?

डॉक्टर : हे भय खरे आहे. वेदनाशमनापुरते शरीर जितके निर्ढावते, तितके श्वासाच्या बाबतीतही निर्ढावेल याची हमी नाही. शिवाय दीर्घ सेवनाने वेदनेची संवेदना उलट तीव्र होण्याचाही संभव असतो. म्हणून केवळ मॉर्फिनवर न विसंबता मज्जातंतूंजवळ बधिरतेचे इंजेक्शन, पॅरासिटामॉल, प्रसंगी अल्प केटामिन यांची जोड द्यावी, आणि रात्री कोणीतरी श्वास मोजावा, गुंगी पाहावी. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीस एकच परिचारिका असेल, तर मी वाढीव मात्रा हात राखून देईन. पण त्याला खोटा ठरवणार नाही.

शिरस्तेदार : आणि परवाने?

डॉक्टर : त्याच कायद्याच्या २०१४च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांना अनेक खात्यांचे उंबरठे झिजवण्याची सक्ती उरली नाही. राजस्थान-मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात त्याआधी रुग्णांनी किती काळ तळमळत काढला, याचा मला आजही खेद होतो.

शिरस्तेदार : नातलगांनी काय करावे?

डॉक्टर : लोकलज्जेने काही लपवू नये. रुग्ण कोणती गोळी, किती आणि केव्हा घेतो, हे शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञास सांगावे, आणि गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत.